कोरा डबा

शिर्डीच्या पेढेवाल्याला शनिवारी निकाल सांगायचा होता. उसाच्या चिपाडाच्या लगद्याचे डबे, आतून मेण आणि लवंगेच्या तेलाचा लेप. त्यात पेढा सात दिवस टिकला, तर तो प्लास्टिकचे डबे सोडणार होता. दिवसा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी आणि संध्याकाळी हा उद्योग, यात माझी दोन वर्षं गेली होती. ऐकून घेणारा दुकानदार तो एकटाच भेटला.

घरी वीस डबे मांडले. दहांवर ‘लेप’ लिहिलं, दहांवर ‘कोरा’. मी कामावर असताना पेढे आईने भरले. जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून रोज दोनदा झाकण उघडून वास घ्यायचा. आंबूस वाटला की वहीत फुली.

सातव्या दिवशी लेपाच्या डब्यांत दोन फुल्या, कोऱ्यांत तीन. वही चार वेळा तपासली. जेवता जेवता उठून पुन्हा वास घेऊन आलो.

“अहो, बसा,” बायको म्हणाली. “पेढे कुठं पळून जात नाहीत.”

शेवटी कोऱ्या डब्यातला पेढा उचलला. खाली हळदीचं बोट ओढलेलं. दहाच्या दहा डब्यांत तेच.

“मीच लावली,” आई म्हणाली. “तूच लिवलंस ना कोरा म्हनून? नवी कोरी वस्तू हळद लावल्याबिगर वापरतेत व्हय?”

“अगं, कोरा म्हणजे बिनलेपाचा.”

“मग तसं लिवायचं. शिकलेला तू हायस.”

हळदीने पेढे टिकले, की माझ्या लेपाचाच उपयोग नाही? काहीच ठरत नव्हतं. लेपातले दहापैकी आठ टिकले, एवढंच सांगितलं असतं तर ते खोटंही नव्हतं. फोन हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या. मग पेढेवाल्याला सगळं सांगितलं, हळदीसकट.

“म्हंजे लेपानं टिकतो का न्हाई, साहेब?”

“माहीत नाही.”

“मग आता प्लास्टिकचंच मागवतो. आईंना म्हनावं, डबे तुमीच करा.”

रविवारी तीस डबे मांडले: दहा लेपाचे, दहा हळदीचे, दहा नुसते. पेढे मी स्वतः भरले. नुसत्या डब्यांवर काय लिहावं याचा बराच विचार करून ‘काही नाही’ लिहिलं.

आईने चष्मा लावून वाचलं. “ह्यात पेढं हायती की.”

मी पहिल्या डब्याचं झाकण उघडून वास घेतला. पेढे भरून दहा मिनिटंही झाली नव्हती.