करंगळीत रुतलेला पाचू

"ताई, अंगठी कापायची न्हाय," शांताबाई दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाल्या. "नुसती काढून द्या."

बाहेर ॲम्ब्युलन्स उभी होती, इंजिन चालूच. त्यांची सून अर्चना माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली होती. सातवा महिना. चेहरा, हात, पाय, सगळं सुजलेलं. बीपी खूप वाढला होता, म्हणून लोहाऱ्यातून तिला सोलापूरला न्यायचं ठरलं होतं. उजव्या करंगळीत पाचूची अंगठी रुतली होती आणि करंगळी जांभळी पडली होती. दवाखान्यात साबण, तेल सगळं लावून झालं होतं. म्हणून सिस्टर तिला वाटेत माझ्याकडे घेऊन आल्या.

माझं काम दागिन्यात खडे बसवायचं. वडिलांकडून शिकले. सुजलेल्या बोटातल्या अंगठ्या याआधीही काढल्या होत्या. पण अशा अवस्थेतली बाई पहिल्यांदाच समोर होती. तिचा हात हातात घेतला तर तो गार लागला.

आधी दोरा वापरून पाहिला. बोटाला रेशमी दोरा घट्ट गुंडाळायचा, एक टोक अंगठीखालून काढायचं आणि तिथून उलगडत यायचं. अंगठी हळूहळू पुढे सरकते. इथे दोन वेढे उलगडले आणि अर्चना किंचाळली. कातडी सोलत होती. मी थांबले.

"मावशी, कापावीच लागेल."

"दोनदा पोट रिकामं झालंय पोरीचं," शांताबाई म्हणाल्या. "ही अंगठी घातली तवापासनं टिकलंय. पाचू राखण करतोय. त्याला धक्का लागला आन् काय झालं, तर म्या काय करू?"

मला हसू आलं नाही. अर्चना मे महिन्यातली, आणि मेचा बर्थस्टोन पाचू, हे त्यांच्या मुलाने मोबाईलवर पाहिलं होतं. हा महिन्यांचा तक्ता तसा अलीकडचा. शंभरेक वर्षांपूर्वी परदेशातल्या जवाहिऱ्यांनी तो पक्का केला. पाचूची ख्याती मात्र फार जुनी. इजिप्तमध्ये त्याच्या खाणी होत्या. आपल्याकडे त्याला मरकत म्हणायचे आणि तो विष उतरवतो असं मानायचे. बुधाचा खडा, म्हणून करंगळीत घालतात. तिकडे युरोपात तर सुटका लवकर व्हावी म्हणून अडलेल्या बाईच्या मांडीला पाचू बांधायचे. म्हणजे ही भीती एकट्या शांताबाईंची नव्हती.

माझी भीती वेगळी होती. पाचू दिसायला देखणा, पण ठिसूळ. त्याच्या पोटात जन्मापासूनच बारीक भेगा असतात. उष्णता लागली तरी तडकतो. कोंदण, म्हणजे खडा ज्यात बसवतात ते सोन्याचं घर, ते ताणलं गेलं तरी तडकतो. अंगठी एका जागी कापून फाकवली की सगळा ताण कोंदणावर येतो. म्हणून दोन्ही बाजूंनी कापायची, पण मग पातं खड्याच्या जवळून जाणार.

"खड्याला काय होणार न्हाय, असं बोला," शांताबाई म्हणाल्या.

"तसा शब्द देता येत नाही, मावशी."

त्यांनी सुनेच्या बोटावर आपला तळवा झाकून धरला.

"आजी, निघायला पाहिजे," सिस्टर म्हणाल्या. "वाटेत फिटचा झटका आला तर मी एकटी काय करणार?"

अर्चनाने डोळे उघडले. "आत्याबाई, हात काढा. बोटाला आता कायबी कळंना मला. कापा, ताई."

शांताबाईंनी हात काढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

कातडीला पातं लागू नये म्हणून मी अंगठीखाली तांब्याची पातळ पट्टी सरकवली. सुजेमुळे ती जेमतेम गेली. मोटरचं पातं फिरवायचं, थांबायचं, ओल्या कापसाने गार करायचं. पहिला काप सुटला. दुसऱ्या बाजूला कोंदण लागूनच होतं. सिस्टरांनी अर्चनाचा हात मनगटाशी दाबून धरला. पातं पट्टीवर घासलं तशी मला ती कातडीच वाटली आणि मी हात मागे घेतला. रक्त नव्हतं. परत लावलं. टक् असा आवाज आला आणि अंगठी दोन तुकड्यांत सुटली. करंगळीला खोल खाच पडली होती. बघता बघता तिच्यात लाली आली.

"खडा?" शांताबाईंनी भिंतीकडे बघतच विचारलं.

मी भिंग लावलं. खोटं बोलता आलं असतं.

"मावशी, एका कोपऱ्याला तडा गेलाय."

त्या मटकन खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सिस्टर अर्चनाला उठवत होत्या. ती त्यांच्या खांद्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आत्याबाई, रडू नका. जिवावरचं दगडावर निभावलं."

शांताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पदराने डोळे पुसून उठल्या. "व्हय," म्हणाल्या. "असंच आसंल." आणि तुकडे पदरात बांधून ॲम्ब्युलन्समध्ये चढल्या.

पुढे कित्येक दिवस माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. तो तडा दगडावरच थांबला असेल ना, असं मनात यायचं. एवढी वर्षं खडे हाताळूनही यायचं. फोन करायचा धीर मात्र झाला नाही.

शेवटी शांताबाईच आल्या. नात झाली होती. वेळेआधी, मुठीएवढी. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. आता दोघी घरी होत्या. अर्चनाची करंगळी शाबूत, फक्त टोकाला जराशी बधिर.

तडा गेलेला पाचू त्यांनी काउंटरवर ठेवला. "ह्याचं पदक करून द्या. गळ्यात घालील अर्चना. बोटात न्हाय."

मी करून दिलं. तेव्हापासून बर्थस्टोन विचारायला येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला मी आधी एकच सांगते: खडा कुठल्याही महिन्याचा घाला, पण सूज दिसली की अंगठी काढा आणि दवाखाना गाठा.