कपाटातली दुर्बीण

मित्रांनो, आत्ताच कॉलेजातून घरी आले. डोकं तापलंय, म्हणून लिहून राहिले.

उदगीरला आमच्या कॉलेजात संध्याकाळचा खगोलशास्त्राचा कोर्स आहे. आम्ही अकरा जण शिकतो. आज गावासाठी आकाशदर्शन ठेवलं होतं. मी गल्लीत घरोघर सांगून आले होते, "या, गुरूचे चंद्र दाखवते."

साडेसातला चाळीसेक माणसं जमली. शेजारच्या कलावतीमावशी तर पाण्याच्या टँकरच्या रांगेतला नंबर सोडून नातीला घेऊन आल्या.

आणि ऐन वेळी प्राचार्य म्हणाले, "दुर्बीण कपाटातून निघणार नाही. पुढच्या आठवड्यात तपासणी समिती येतेय. ओरखडा पडला तर जबाबदार कोण?"

"सर, परवानगी तुम्हीच दिली होती."

"आकाश बघायची दिली होती. बघा की! इतकी वर्षं मागतोय तो उदगीर जिल्हा होऊ द्या, मग मोठं तारांगणच मागू."

शेवटी मी बोटानंच गुरू दाखवला. मावशींनी बराच वेळ मान वर करून बघितलं. मग विचारलं, "पोरी, ह्याचे चंद्र तू तरी बघितलेस का?"

"न्हाई मावशी. पुस्तकातच बघितले."

त्या नातीचा हात धरून परत गेल्या. तोवर टँकर रिकामा होऊन गेला होता. मला लई लाज वाटली.

उद्या आम्ही अकराही जण लेखी अर्ज देणार आहोत. पाऊस नाही म्हणून महिनोन्महिने आभाळ स्वच्छ आहे. अशा वर्षातसुद्धा दुर्बीण बाहेर काढायची नसेल, तर ती घेतली कुणासाठी? तुम्हीच सांगा.