फोड घेणारी पोर

“चाव. मी चावलं तिथंच चाव.”

मालकीण ओसरीवर बसलेली. मी खाली अंगणात, उकिडवी. तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर फोडांचा घोस, ज्वारीच्या कणसासारखा दाटलेला, पिवळं पाणी सुटलेला. तिनं भाकरीचा तुकडा तोडला नाही. अख्ख्या भाकरीलाच दात रुतवले, ओठ दाबून, लाळ लावून. मग ती भाकर वरून माझ्या जर्मलच्या ताटलीत टाकली. ताटली माझी. ती त्यांच्या गोठ्याच्या कोनाड्यात असायची, घरात तिला जागा नव्हती. मालकिणीच्या लाळेला मात्र माझ्या तोंडात जागा होती.

मी चावले.

“घेतला म्हण.”

“घेतला.”

“मोठ्यानं म्हण की. भाकर खाऊन आवाज न्हाई व्हय?”

“घेतला!”

मालकीण हसली. हसताना फोड ताणला म्हणून लगेच थांबली. माझ्या ओच्यात पसाभर ज्वारी पडली आणि मी घरी निघाले. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, पोरीनं नशीब काढलं.

सत्तर सालानंतरची गोष्ट आहे. वडीगोद्रीहून चालत गेलं तर पायाला धूळ लागेपर्यंत आमचं गाव यायचं. माझा बा त्या घरचा सालगडी, आणि मी त्या घरची फोड घेणारी. गावात समज असा की ताप ओठावर फुटला, की तो दुसऱ्याच्या ओठावर उतरवायचा. मग आपला जातो. दुसरा कोण? आमच्या वस्तीतली एखादी कोवळी पोर. आधी माझी आत्या घ्यायची. ती लग्न होऊन गेली, आणि तिच्या जागी मी लागले.

आणि मी काय अशीतशी होते? माझा गुण होता गुण! मी भाकर चावायचा अवकाश, मालकिणीचा ओठ लोण्यासारखा व्हायचा. माझं नाव पार जालन्यापर्यंत गेलं. एक व्यापारी मोटार घेऊन माझ्यासाठी आला, आणि मोटारीच्या काचेतून बिस्कीट चावून त्यानं माझ्याकडं फेकलं. बरं, मोटार नव्हती, सायकल होती. व्यापारीही नव्हता, मालकिणीचा भाऊ होता. पण बिस्कीट खरं होतं. त्याच्यावर दातांची नक्षी होती, तीही खरी.

आम्ही बौद्ध झालेलो. माझ्या जन्माच्या आधीच वस्तीनं मेलेलं ढोर ओढणं सोडलं होतं. शिळं-उष्टं मागायला जाणं सोडलं होतं. भाकरीसाठी हात पसरायचा नाही, हे वस्तीतलं शेंबडं पोरही सांगायचं. मग ही चावलेली भाकर कशी चालायची? मालकीण म्हणायची, “ते उष्टं न्हाई गं, ते औषध हाय.” आणि आमच्या मोठ्या माणसांनी ते बिलकुल मान्य केलं होतं. उष्टं खायचं नाही. पण औषधाला नाही कसं म्हणायचं? सगळं सोडलं आणि हे एवढं राहिलं, घर झाडताना दाराआडचा कचरा राहतो तसं.

तिचा फोड जायचा आणि माझा उठायचा. ओठ असा सुजायचा की वस्तीच्या वळणावर आधी ओठ दिसायचा, मागून मी. कुणी म्हणालं पाल मुतली, कुणी म्हणालं पोर खोटं फार बोलते. त्यात तथ्य होतं, पण औषध म्हणून मायनं चुना लावला. चुन्यानं फोड जळला, खालचं कातडं जळलं आणि माझी किंकाळी ऐकून अंबडच्या बाजारातला बैल उधळला. बानं तंबाखूचं पाणी लावलं. आज्जीनं राख लावली. त्यातच आतून तोंड आलं. गालाच्या आत पांढरे खड्डे, जिभेच्या शेंड्याला एक. मिरची नुसती शेजारच्या घरात कुटली तरी माझ्या डोळ्यांतून पाणी.

खरी भीती निराळीच होती. आत्या जाताना कानात सांगून गेली होती, “फोड जास्ती झाले की आत जात्यात. मंग जीभ सडून पडती.” सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी मी जीभ चाचपायचे. आहे का? आहे. मग डोळे उघडायचे. दिवसभर बोलताना मध्येच थांबायचे आणि दातांनी हळूच दाबून बघायचे. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर ज्वारी बंद.

अशात माझी थोरली बहीण, आक्का, बाळंतपणाला माहेरी आली. पोरगा झाला. एवढासा, मुठीत मावेल असा, लाल. मालकिणीच्या मागच्या भाकरीचा फोड माझ्या ओठावर नुकताच पाणी धरून होता. सरकारी दवाखान्यातली नर्सबाई ओली बाळंतीण बघायला वस्तीवर आली. तिच्यासमोर मोठेपणा मिरवावा म्हणून मी भाच्याला उचललं आणि त्याची पापी घ्यायला वाकले.

“थांब!”

नर्सबाई अशी ओरडली की कुडावरच्या कोंबड्या पलीकडच्या शिवारात जाऊन पडल्या. तिनं बाळ माझ्या हातातून ओढूनच घेतलं. माझे हात तसेच हवेत.

“घेतलीस का पापी? आधी कधी घेतलीस?”

“न्हाई.”

“खरं सांग गं!”

“आईच्यान न्हाई. माय घिऊच देत न्हाई, मी फार मुके घेते म्हणून.”

तिनं श्वास सोडला. मग माझी हनुवटी धरून ओठ उजेडाकडं वळवला. “हा कुठनं आणलास?”

“मालकिणीचा हाय. घेतला.”

“घेतला म्हणजे?”

मी सांगितलं. अगदी ऐटीत सांगितलं, व्यापारी आणि मोटारीसकट. तिचा चेहरा बघून मोटार मध्येच बंद पडली.

“आणि तिचा जातो म्हणतेस?”

“जातोच की. माझा गुन हाय.”

“तुझा कसला गुण! तो आठ-दहा दिवसांत आपोआप सुकतो. तिनं चावलेली भाकर दगडाला दिली असती, तरी सुकला असता.”

माय चुलीपाशी लाकूड सारता सारता थांबली.

“जात कुठंच नाही तो,” नर्सबाई म्हणाली. “तिच्या अंगात राहतोच. वरून उष्ट्यातून तुला लागला. आता तुझ्याही अंगात राहणार. ताप आला, कडक ऊन लागलं, अंग थकलं, की परत ओठावर येणार.”

“मरंन का मी?”

“तू नाही मरत. पण हे ओलं बाळ मरू शकतं. मोठ्या माणसाला ओठावर फोड येऊन निभावतं. एवढ्याशा जिवाला निभावत नाही.”

मी भिंतीला टेकले.

मग तिनं बजावून बजावून सांगितलं. फोडाला हात लावायचा नाही. लागला तर साबणानं धुवायचा, तो हात डोळ्याला तर चुकूनही न्यायचा नाही. खपली काढायची नाही. तुझा पेला, तुझं फडकं निराळं. चुना, राख, तंबाखू सगळं बंद. धुतलेल्या बोटानं खोबरेल लावून खपली मऊ ठेव. उन्हात जाताना ओठावर फडकं धर. खपली पडून नवं कातडं येईपर्यंत बाळाला तोंड लावायचं नाही.

“आन् आतले खड्डे?” मायनं विचारलं.

“ते निराळं दुखणं. ते कुणाकडून येत नाही, कुणाला लागत नाही. मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या कर, तिखट आणि मिसरी बंद. बांधावरचा तांदुळजा खा. पिवळ्या गोळ्या देते. दोन आठवड्यांत भरले नाहीत, तर दवाखान्यात ये.”

मी धीर करून विचारलं, “जीभ पडंल का माझी?”

“तुझी? केवढी चालते ती! ती पडायची नाही.”

आक्का हसली. मला हसू आलं नाही. नर्सबाई गेली तरी माझ्या डोक्यात एकच. दगड. दगड चालला असता. त्यांच्या अंगणात दगड काय कमी होते? पायरीचा होता, जात्याचा होता, उखळाचा होता. पण दगड “घेतला” म्हणत नाही. दगड मान खाली घालत नाही. त्यांना फोड उतरवायचा होता, आणि उतरवायला कुणीतरी आपल्यापेक्षा खाली बसलेलं लागत होतं.

पुढचे दिवस मी घराबाहेर, बोरीच्या झाडाखाली काढले. मला माझ्याच तोंडाची भीती वाटायची. बाळ रडलं की छातीत धस्स. आक्का ओरडून सांगायची, “आगं, दूध पायजे म्हणून रडतंय!” तरी मी लांबूनच, दारातून बघायचे. त्याच्या ओठावर काही नाही ना? नाही. परत बघायचे. खपली पडली, नवं गुलाबी कातडं आलं, तरी त्याच्याजवळ जायचा धीर होईना.

आणि मालकिणीला परत फोड आला.

जालन्याला, मस्तगडात, तिच्या भाच्याचं लग्न निघालं होतं. ओठ सुजवून कशी मिरवणार? बा बोलवायला आला. “चल जल्दी. मालकीणबाई थांबल्यात.”

“मी न्हाई येत बा. घरात लेकरू हाय.”

“लेकराला कुठं चावायचंय? तुलाच चावायचंय. चल.”

मी गेले. का गेले? भ्याले म्हणून. बाची मान त्या घराच्या मुठीत होती, आणि माझा दंड बाच्या मुठीत.

अंगणात लग्नाच्या शेवया चाललेल्या. पाटावर पीठ, चार-पाच बायका. मालकिणीनं भाकरीला तोंड लावलं, दाबलं, ओलं केलं. वरून ताटलीत. टप्प.

“चाव.”

माझी छाती अशी उडत होती, वाटलं पाटावरच्या शेवया तुटून पडतील. मी भाकरीकडं बघितलं. ओलसर अर्धगोल होता तिच्यावर, त्यात दातांच्या खुणा.

“चाव की गं. मुहूर्त बघायलीस का?” बायका हसल्या.

“न्हाई.”

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मालकिणीला आला.

“काय म्हनलीस?”

“न्हाई घेत. ह्यो तुमचाच हाय. तुमच्याकडूनच मला लागलाय. माझ्या आक्काचं लेकरू ओलं हाय, त्याला लागला तर मरंल ते.”

“अगं बया! आमच्यापासून हिला रोग लागला!” मालकीण बायकांकडं वळली. “ऐकलं का? आमचा इटाळ व्हायलाय आता ह्यांना!”

एक बाई हसली. बाकीच्यांचे हात शेवयांवर थांबलेले.

मग बाचा हात आला. गालावर असा बसला की आतला भरत आलेला खड्डा दातावर घासून फुटला. तोंडात रक्त.

“घे म्हनतो ना! घे!”

मला मारताना बा थरथरत होता. माझ्यापेक्षा जास्ती तोच भ्यालेला होता, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. भाकर ताटलीत पडलेली. मी हात पाठीमागं बांधून उभी. उभी राहिले हेच नवीन होतं, त्या अंगणात मी कायम उकिडवी असायचे.

“न्हाई घेत.”

मालकिणीला माझी गरज नव्हती. ती बाला शांतपणानं म्हणाली, “हिला माज आलाय. ऱ्हाऊ दे. उद्या सकाळी दुसरी पोर आण. तुझ्या शेजारची ती धाकली बराबर हाय. न्हाई आणली तर साल दुसऱ्याला दिऊ.”

“आणतो, मालकीणबाई,” बा म्हणाला.

तेव्हा मला कळलं, मी नाही म्हटल्यानं काहीच थांबलं नव्हतं. भाकर तशीच होती. फक्त तोंड बदललं होतं. शेजारची धाकली अजून दुधाचे दात पाडत होती. फोड घ्यायचा म्हणजे मान असतो असं मीच तिला रंगवून सांगितलेलं, ती तर उड्या मारत गेली असती.

सकाळी बा तिला न्यायला निघाला. मी शेजारच्या दारात आडवी उभी राहिले. तिची माय आत, घाबरून मला म्हणते, “जाऊ दे गं बाई. तुझ्या बाचं साल जाईल. आमाला बी काम मिळायचं न्हाई.”

खरं होतं. साल जाणार होतं. भीती गेली, असं मी तुम्हाला सांगितलं तर ती माझ्या सगळ्या थापांतली मोठी थाप होईल. बा समोर उभा, त्याच्या कपाळाची शीर उडत होती.

“सरक,” बा म्हणाला.

“न्हाई सरकत. मार. ही पोर जायची न्हाई. हिच्या मागची बी जायची न्हाई. रोज येशील तर रोज हितंच उभी ऱ्हाईन.”