जतच्या माळावरची चेटकीण

“आदी ताक प्या, मग तोंड उघडा,” हे बाईंचं पहिलं वाक्य. समोर आमदार असो नाहीतर माझ्यासारखा मेंढरांना लस टोचणारा सरकारी माणूस.

जतच्या माळावर त्या एकट्या राहत. मेंढरं राखत, घोंगड्या विणत आणि लोकांची दारू सोडवत. बायका नवऱ्यांना धरून आणत. बाई कसला तरी पाला वाटून ताकातून देत आणि दुसऱ्या दिवसापासून गड्याला मेंढरांमागे धाडत. गावात शिव्यांशिवाय न बोलणारे बहाद्दर तिथे मान खाली घालून लोकर पिंजताना मी पाहिलेत.

ग्रीकांच्या पुराणात बेटावरची एक जादूगारीण आहे. पेला पाजून पुरुषांची डुकरं करायची. आमच्या बाई मेंढरं करतात, असं गाव म्हणे. त्यांना सांगितलं तर हसल्या. “मेंढराचा मानूस करती मी, सायेब. लोक उलटं सांगत्यात.”

विट्याचा एक गलाईवाला असाच आला. परमुलखात सोनं गाळायचं दुकान; बायको वारल्यापासून बाटलीला लागलेला. महिन्यात बरा झाला, पण गेला नाही. बाईंच्या मागाशी बसून घोंगडीला चिंचोक्याची खळ लावायला शिकला. त्याच्याशी बोलताना बाईंचा आवाज मऊ व्हायचा. मला ते बघून फार बरं वाटायचं.

एकदा आजोळी ठेवलेल्या त्याच्या लेकीचा फोन आला. “पप्पा, कवा येनार?” गडी ढसाढसा रडला. बाईंनीच त्याची पिशवी भरली.

तो निघताना मी तिथेच होतो. बाई म्हणाल्या, “येतो म्हनू नगंस. जातो म्हन.”

आपल्यात कुणी दारातून निघताना जातो म्हणत नाही. पण बाईंना वाट बघत बसायचं नव्हतं. त्यानं मान हलवली. जीप सुरू झाली आणि त्याच्या तोंडून गेलंच, “येतो बरं का!”

“सवयीनं म्हनला,” बाई मला म्हणाल्या.

उन्हाळ्यात सगळे कळप कृष्णाकाठाला उतरतात. त्या वर्षी बाईंनी मेंढरं भावाबरोबर धाडली आणि स्वतः टँकरच्या पाण्यावर मागं राहिल्या. पुढेही दर उन्हाळ्यात तेच. मी रागावलो, तर म्हणाल्या, “आवं, दार बंद दिसलं की मानूस माघारी जातंय.”

अशाच एका उन्हाळ्यात त्या तापानं वारल्या.

लेकीचं लग्न उरकून गलाईवाला त्याच वर्षी दिवाळीत आला. कपड्यांची पिशवी घेऊन, राहायलाच. मी त्याला सगळं सांगितलं, ‘सवयीनं म्हनला’ असं बाई म्हणाल्या होत्या तेही.

तो कुलपाला हात लावून उभा राहिला. “सवयीनं न्हवतो म्हनलो वो, सायेब.”