एकदा दिलेला नंबर

ऑपरेटरकाका एकदा दिलेला नंबर पुन्हा कशालाही देत नसत. मारेगावात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. माझा रेडिओ तिथे चार वेळा गेला आणि चार वेळा नव्या नंबराची चिठ्ठी लावून परत आला. विचारलं, तर म्हणाले, "रेडिओ तोच हाय सर, बिघाड नवा हाय."

दुकानामागच्या खोलीत त्यांनी एक जुना कॉम्प्युटर टेलिफोनला जोडून ठेवला होता. ते यंत्र चालवणारा म्हणून त्यांना ऑपरेटर हे नाव पडलं. नागपूर, वर्धा, अमरावतीच्या काही हौशी लोकांकडे अशीच यंत्रं होती. रविवारी सकाळी ती एकमेकांना फोन लावून आठवड्याचे मेसेज देत-घेत. यातून कुणाला काही मिळत नसे. काकूंनी हे पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं.

प्रत्येक मेसेजला एक नंबर लागे, दुसऱ्या कुठल्याही मेसेजला नसलेला. समोरचं यंत्र आलेल्या नंबरांची यादी ठेवी. तोच नंबर पुन्हा दिसला, की जुनाच मेसेज समजून तो फेकून देई. काका हे गिऱ्हाइकांना इतकं सविस्तर सांगत, की काही जण टीव्ही न घेताच घरी जात. "दोन माणसाईचं नाव एक चालते," ते म्हणत, "मेसेजचं नाही चालत."

माझा थोरला भाऊ, दादा, नागपुरात नोकरीला होता. त्यालाही या यंत्राचा नाद; नागपूरच्या यंत्रावर तो आपले मेसेज बघायचा. कापसानं लागोपाठ दगा दिल्यावर तो म्हणाला, शेत विकू. मी नाही म्हणालो. आमचं बोलणं थांबलं. त्याच वर्षी आईचं पोटाचं ऑपरेशन ठरलं आणि तिला दादा जवळ हवा होता. फोनवर त्याचा आवाज ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून काकांच्या यंत्रावर लिहिलं: आईचं ऑपरेशन यवतमाळला आहे, ती वाट पाहते, शेताचं नंतर बघू.

उत्तर आलं नाही. भूल देईपर्यंत आई दाराकडे बघत होती. घरी आल्यावर आठ दिवस "आला का?" विचारत राहिली, मग विचारणं सोडलं. मीही दादाचं नाव टाकलं.

दीड महिन्यानं काका भर दुपारी शाळेत आले. हातात छापलेले दोन कागद होते, दोन्हींवर नंबर एकच.

"सर, तुमचा मेसेज गेलाच नाही."

यंत्रातल्या घड्याळाचा सेल संपला होता. लाइट गेली की घड्याळ मूळ तारखेवर जाई आणि घड्याळावरून ठरणारे नंबर पुन्हा तिथूनच सुरू होत. माझ्या मेसेजला पडलेला नंबर काकांनी आधीच्याच आठवड्यात पिक्चर ट्यूबच्या चौकशीला वापरला होता. नागपूरच्या यंत्रानं आईचं ऑपरेशन पिक्चर ट्यूब समजून टाकून दिलं.

"मी आत्ता दादाला फोन करतो," मी म्हणालो.

"फोन कायले? चूक माही हाय. मीच जातो."

ते तसेच एसटीत बसले. दादानं नंतर सांगितलं, की दार उघडल्यावर त्याला ते विक्रेतेच वाटले. कारण काकांनी आधी नंबर कसा तयार होतो ते समजावलं आणि मग कागद हातात दिला. दादानं कागद वाचला आणि तिथेच पायरीवर बसला.

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच गाडीनं आले. आई दादाकडे बघून म्हणाली, "चप्पल बाहेर काढ." मग रडली.

काकांनी सेल बदलला, पण घड्याळावरचा त्यांचा विश्वास उडाला. पुढे ते नंबर वहीत हातानं लिहीत आणि वापरला की खोडत. नंतर गावोगाव इंटरनेट आलं. रविवारी काकांचं यंत्र फोन लावत राही. "कोणी उचलून नाही राह्यलं," असं सांगत ते कितीतरी महिने लावत होते.

काका गेले तेव्हा माझी बदली बाभुळगावला झाली होती. निरोप मिळताच दादाला कळवायला मी नागपूरला फोन केला. वहिनी म्हणाल्या, "काकूंचा फोन आला होता. ते केव्हाच निघाले."

मी मारेगावला पोचलो, तेव्हा दादा काकांच्या दारात तिरडी बांधत होता.