पदराखालची बाटली

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सोलापूरच्या त्या दवाखान्यात सगळे तिला मावशी म्हणत. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि ब्लडप्रेशर का चढतंय ते कळत नव्हतं. शरीर दिवसा मीठ जास्त बाहेर टाकतं, रात्री कमी. माझं तसं होतंय का, हे बघायला दिवसाची लघवी एका बाटलीत आणि रात्रीची दुसरीत जमवायची होती. एक वेळ चुकली तरी तपासणी पहिल्यापासून.

बाटली द्यायची खोली व्हरांड्याच्या टोकाला, आणि दुपारी व्हरांडाभर भेटायला आलेले पुरुष. मी पाय आवळून पडून राहिले. मावशीनं ओळखलं.

"धरून ठिवू नगं, पोरी. पडद्याआड उरकून घे, म्होरलं मी बघते."

तिनं बाटली पदराखाली घेतली आणि नैवेद्य न्यावा तशी दोन्ही हातांनी धरून सावकाश निघाली. दारातच माझे सासरे उभे.

"काय नेताय झाकून?"

"परसाद हाय. वाट द्या."

सासऱ्यांनी हात जोडले आणि बाजूला झाले. कॉटवर पडल्या पडल्या मीही जोडले.