नातीशी बोलण्यापुरती रशियन

"आई, या वयात तुला सहा विभक्त्या कशा जमणार?" मुलाने फोनवर विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. हा हिऱ्यांच्या कामासाठी मॉस्कोला गेला, तिथेच लग्न करून राहिला आणि लेकीला मराठीचा एक शब्द शिकवला नाही. नात रशियन बोलणार आणि हा मधे बसून सुरतेतल्या आजीला त्यातलं निम्मंशिम्मं सांगणार. का म्हणून?

मी पर्वत पाटियाजवळच्या क्लासात नाव घातलं. बाकी सगळी तिकडे डॉक्टरकीला निघालेली पोरं. सरांनी फळा भरून तक्ते लिहिले आणि बजावलं, "मराठी-गुजराती बाहेर ठेवून यायचं." चपला आहेत का त्या? तक्ते घोकून माझ्या डोक्यात काही शिरेना. मग घरी साड्यांना टिकल्या चिकटवता चिकटवता मी माझ्या पद्धतीने जुळवलं. आपल्या 'मी'चं 'माझ्याकडे' होतं, 'घर'चं 'घरात' होतं. त्यांचेही शब्द तसेच शेवटाला बदलतात. जन्मभर जे माझ्या तोंडात होतं, नेमकं तेच बाहेर ठेवायला सांगत होता हा शहाणा!

रविवारी व्हिडिओ कॉलवर नात दिसली. ये माझ्याकडे, माय, असं मला म्हणायचं होतं. त्यांच्यात आईला मामा म्हणतात, म्हणून मी म्हटलं, "इदी का म्न्ये, मामा!" विभक्ती अगदी बरोबर होती. नात मात्र खो खो हसत सुटली. मी कुठे मामा, मामा तर स्वयंपाकघरात आहे, असं काहीसं म्हणाली. ते मला कळलं, त्यातल्या 'घरात'सारख्या शेवटासकट.

तेवढ्यात मुलाने फोन ओढला. "रेवा दे ने, राहू दे, आई. चुकतेयस तू. काय ते मला सांग, मी सांगतो तिला."

"मनं काहीच चुकनं नही!" मी आमच्या अहिराणीत ओरडलेच. "खान्देशमा लाडकी पोरले माय म्हनतस. तुनी बहीनले मी काय म्हनस? इसरी गया का?"

हसू दाबत नात त्याला खोदखोदून विचारायला लागली, तेव्हा खालमानेने त्याने तिला सगळं सांगितलं. तिचं हसू थांबलं. मग बापाकडे वळून तिने काहीतरी विचारलं. ते त्याने मला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"मग पपा, तू मला माय का म्हणत नाहीस?"